वरून पाहिलेला स्फोट

कोणत्याही विषयावरील वाङ्मयाची परीक्षा करावयाची झाल्यास लेखकाची भाषा, मांडणी, पुराव्याची निवड या गोष्टी टीकाकार पाहतोच. परंतु त्या सर्वांच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते, ती ही की, लेखक कोठे उभा राहून लिहीत आहे. टेकडीवरील सेनापतीच्या तंबूतून लढाईचे वर्णन करणारा आणि खंदकातून करणारा, हे दोघेही खरे बोलत असले तरी एकच लढाई सांगत नसतात. विमानातून टाकलेल्या अणुबाँबांच्या चाचण्यांवर गेल्या ऐंशी वर्षांत जे ग्रंथ, जी वार्तापत्रे व जे चित्रपट निर्माण झाले, त्यांचा विचार करताना ही साधी कसोटी आम्हांस फार उपयोगी वाटली. या वाङ्मयाचा फार मोठा भाग विमानात बसून लिहिला गेला आहे, थोडा जमिनीवरून, आणि अगदीच थोडा अशा जागेवरून की, जी कोणाच्याच नेमाखाली नव्हती. या तिन्ही प्रकारांची परीक्षा करण्याचा आमचा विचार आहे. तिसऱ्या प्रकाराकडे वाचकांचे लक्ष आम्ही विशेष वेधू इच्छितो, कारण ती जागा आपली स्वतःची आहे.

माहीमच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला पडका किल्ला आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एके काळी अलीकडे इंग्रजांचे ठाणे होते आणि पलीकडे, वांद्र्यास, पोर्तुगीजांचा किल्ला. ही तोफेच्या युगातील रचना होय. तोफ डागणाऱ्यास समोरचा तट दिसत असे आणि तटावरील माणसास तोफेचा धूर दिसत असे. त्यात क्रौर्य कमी होते असे आम्ही म्हणत नाही. पण मारणारा आणि मरणारा एकाच देखाव्यात असत. विमानातून पडणाऱ्या बाँबने हा संबंध तोडला, आणि अणुबाँबने तर तो इतका तोडला की, टाकणाऱ्याने मागे वळून न पाहता दूर पळावे ही त्या कृतीची पहिली अटच झाली. हिरोशिमावर बाँब सोडताच विमानाने सुमारे १५५ अंशांचे तीव्र वळण घेतले. बाँब पडून फुटावयास सुमारे ४३ सेकंद लागले. तेवढ्या अवधीत जितके दूर जाता येईल तितके जावयाचे, हीच वैमानिकांची शिकवण होती. हे ४३ सेकंद आणि हे वळण ध्यानात ठेवल्यावाचून या वाङ्मयाचा स्वभाव कळणार नाही. त्याचा लेखकही बहुधा पाठ फिरवूनच लिहितो.

प्रथम इतिहासाची थोडक्यात उजळणी करू. अणुबाँबचा पहिला स्फोट १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुमारे ३० मीटर उंच मनोऱ्यावर झाला. मनोऱ्यावरील स्फोटाने बाँब फुटतो एवढे सिद्ध होते. तो शस्त्र आहे हे सिद्ध होत नाही. तो विमानात मावतो काय, पडताना कलंडतो काय, ठरल्या उंचीवर फुटतो काय, आणि टाकणारे विमान सुखरूप परत येते काय, या चार प्रश्नांची उत्तरे टाकून पाहिल्याखेरीज मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक अण्वस्त्रधारी राष्ट्राला, ते बलाढ्य असता, विमानातून टाकण्याची हौस सुटली. १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांच्या खाजणात उभ्या केलेल्या जहाजांवर बाँब टाकला. रशियाने १८ ऑक्टोबर १९५१ रोजी सेमिपलातिन्स्कच्या मैदानावर टाकला, आणि तोही अमेरिकन विमानाची हुबेहूब नक्कल करून बांधलेल्या विमानातून. ब्रिटनने ११ ऑक्टोबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलियातील मारालिंगा येथे टाकला, चीनने १४ मे १९६५ रोजी लोप नोर येथे, आणि फ्रान्सने १९ जुलै १९६६ रोजी मुरुरोआ येथे. या मालिकेचा कळस ३० ऑक्टोबर १९६१ रोजी झाला. त्या दिवशी रशियाने उत्तर ध्रुवसमुद्रातील नोवाया झेम्ल्या बेटावर सुमारे ५० मेगॅटनांचा बाँब हवाईछत्रीने सोडला. त्याचे वजन सुमारे २७ टन होते, आणि स्फोटाच्या धक्क्याने दूर गेलेले विमानही सुमारे एक किलोमीटर खाली कोसळून मग सावरले. पुढे ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनी खुल्या हवेतील चाचण्या बंद करण्याचा करार केला. फ्रान्स व चीन त्यात आले नाहीत. आणि खुल्या हवेतील शेवटचा स्फोट चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केला.

ही यादी कोणत्याही संदर्भग्रंथात सापडेल. परंतु यादीच्या पहिल्याच ओळीत एक अडचण आहे, आणि बहुतेक इतिहासकार तिला वळसा घालून जातात. विमानातून टाकलेल्या बाँबची पहिली चाचणी कोणती? बिकिनी, असे उत्तर मिळते. पण हिरोशिमावर पडलेला युरेनियमचा बाँब हा न्यू मेक्सिकोत फुटलेल्या बाँबच्या जातीचा नव्हता. त्याची रचनाच निराळी होती, आणि ६ ऑगस्ट १९४५ पूर्वी तो एकदाही फोडून पाहिलेला नव्हता. म्हणजे त्या रचनेची पहिली चाचणी एका गजबजलेल्या शहरावर, सकाळी लोक कामास निघण्याच्या वेळी, झाली. त्याच्याही आधी, जुलै १९४५ पासून, दुसऱ्या बाँबच्या आकाराचे, पण साध्या स्फोटकांनी भरलेले गोळे, ज्यांना वैमानिक भोपळे म्हणत, जपानच्या गावांवर सरावासाठी टाकण्यात आले. असे ४९ गोळे पडले. सराव, चाचणी आणि युद्ध यांमध्ये इतिहासकार ज्या रेघा मारतात, त्या जमिनीवरून पाहणाऱ्यास दिसत नाहीत.

आता पहिल्या प्रकारच्या लेखनाकडे वळू. त्याचा आद्य आचार्य विल्यम लॉरेन्स हा होय. न्यूयॉर्क टाइम्स पत्राच्या या विज्ञानविषयक बातमीदारास अमेरिकेच्या युद्धखात्याने १९४५ च्या वसंतात आपल्या गुप्त योजनेत घेतले. न्यू मेक्सिकोतील स्फोट त्याने पाहिला, आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर गेलेल्या तीन विमानांपैकी मोजमापाची उपकरणे वाहणाऱ्या विमानात तो बसला होता. त्याच्या त्या वृत्तान्तास व सोबतच्या लेखमालेस १९४६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून लॉरेन्स सामान्य नव्हे. रंगांचे त्याचे ज्ञान सूक्ष्म आहे. ढगाचे रूप क्षणोक्षणी कसे पालटत गेले हे तो अशा तन्मयतेने सांगतो की, तो ढग एखादा जिवंत प्राणी जन्मास येत असल्यासारखा वाचकापुढे उभा राहतो. नेमका येथेच आमचा आक्षेप आहे. त्या वृत्तान्तात जे जन्मास येते ते सर्व वर, आकाशात, आणि जे मरते ते खाली, ढगाआड. ढगाला प्राण देण्याच्या भरात ढगाखालच्या प्राण्यांचा विसर पडला. शिवाय किरणोत्सारामुळे माणसे मरत असल्याच्या जपानी बातम्या म्हणजे निव्वळ प्रचार होय, असे प्रतिपादन त्याच लेखणीने पुढे सप्टेंबरात केले. अद्भुतरस हा काव्यात मोठा रस असेल. वार्तापत्रात तो पुष्कळदा झापडीचे काम करतो.

बिकिनीच्या चाचणीचे वर्णन करणाऱ्यांनी या आचार्याचाच कित्ता गिरवला. फरक इतकाच की, तेथे अद्भुताची जागा तमाशाने घेतली. बाँबवर एका नटीचे चित्र डकवले होते. बाँब टाकणाऱ्या विमानास अपघातात वारलेल्या एका सहकाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या स्वप्नाचे नाव दिले होते, जसे हिरोशिमाच्या विमानास वैमानिकाने आपल्या आईचे नाव दिले होते. नेम चुकू नये म्हणून नेवाडा ही युद्धनौका भडक नारिंगी-तांबड्या रंगाने रंगविली होती. तरी बाँब तिच्यापासून सुमारे ६५० मीटर दूर फुटला. पाच जहाजे बुडाली. दूरवर थांबलेल्या वार्ताहरांचा हिरमोड झाला, कारण सारे खाजण उकळून निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्या हिरमोडाची वर्णने आज वाचताना आम्हांस जितकी शरम वाटते, तितकी त्या स्फोटाच्या वर्णनानेही वाटत नाही. प्रेक्षकाने नाटक पडले म्हणून कुरकुर करावी तसा तो सूर आहे. ज्या १६७ बेटवासीयांना मार्चमध्ये आपली भूमी सोडावी लागली, त्यांची संमती घेण्याचा प्रसंग पुढे कॅमेऱ्यासमोर मुद्दाम पुन्हा घडवून आणला गेला. मूळ प्रसंगच जेथे नाटकासारखा वठवला जातो, तेथे बातमीदाराने प्रेक्षक व्हावे यात नवल ते काय?

नेमाच्या या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे, कारण वरून लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांत अचूकतेचा अभिमान पानोपानी भरलेला असतो. नागासाकीचा बाँब योजलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामी खोऱ्यावर फुटला. आणि तो मुळी नागासाकीसाठी निघालाच नव्हता, कोकुरा शहर धुराने व ढगांनी झाकलेले होते म्हणून तिकडे वळला. २० मे १९५६ रोजी अमेरिकेने विमानातून पहिला हायड्रोजन बाँब बिकिनीतच टाकला. वार्ताहरांनाही त्यासाठी आमंत्रण होते. वैमानिकांनी निरीक्षणाच्या एका ठाण्यालाच लक्ष्य समजून जवळजवळ साडेसहा किलोमीटर दूर बाँब टाकला, आणि मोजमापाचा बहुतेक खटाटोप वाया गेला. हे आकडे पुस्तकात वाचून मनावर ठसत नाहीत. ते आपल्या वाटांवर मांडून पाहावेत. माहीम स्थानकावर नेम धरला आणि बाँब चिंचपोकळीवर पडला, इतकी ती चूक आहे. माहीमवर नेम धरला आणि तो दादर ओलांडून पडला, इतकी नागासाकीची. वरच्या माणसाच्या कोष्टकात हा एक फरकाचा आकडा असतो. खालच्या माणसाच्या दृष्टीने कोणते कुटुंब राहिले आणि कोणते गेले, हे त्या आकड्यानेच ठरते.

भाषेचाही विचार येथेच केला पाहिजे. चाचणी या शब्दात एक सौम्यता आहे. सोनार सोन्याची चाचणी घेतो, शाळेत मुलांची चाचणी घेतली जाते. वस्तू उतरली तर ठेवावी, न उतरली तर बाजूला करावी, आणि चाचणी संपली म्हणजे संपली. ज्या गोष्टीची अशी परीक्षा घ्यावयाची, तिला काही एक सीमा असते. १४ सप्टेंबर १९५४ रोजी रशियाने तोत्स्कोये येथे सुमारे ४० किलोटनांचा बाँब विमानातून टाकला आणि त्याच मैदानावर सुमारे ४५,००० सैनिकांकडून युद्धाची कवाईत करविली. या परीक्षेत परीक्षा कोणाची होती? २२ नोव्हेंबर १९५५ रोजी सेमिपलातिन्स्क येथे रशियाने पहिला खरा हायड्रोजन बाँब विमानातून टाकला, तेव्हा हवेच्या थरांमुळे धक्का अपेक्षेपेक्षा दूरवर परतून आला. एका खेड्यात छत कोसळून तीन वर्षांची मुलगी दगावली आणि खंदकात माती ढासळून एक सैनिक गाडला गेला. बाँब उतरला, चाचणी यशस्वी ठरली. यशस्वी या विशेषणाला त्या मुलीचा अडथळा झाल्याचे इतिहासांत आढळत नाही. शब्द चुकीचा आहे म्हणून तो टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही, कारण रूढ शब्द कोणाच्या सांगण्याने जात नसतात. तो वापरताना लेखकाने क्षणभर अडखळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

दुसऱ्या प्रकारचे लेखन जमिनीवरून झालेले. विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन बातमीदार सप्टेंबर १९४५ च्या आरंभी आगगाडीने हिरोशिमास पोहोचला, आणि जखम नसलेली माणसेही कशी झिजून मरत आहेत हे त्याने जगास प्रथम कळविले. त्याच्या लेखनात घाई आहे, काही अंदाज कच्चे आहेत. पण तो आगगाडीतून उतरून चालत गेला, ही एकच गोष्ट त्याला लॉरेन्सच्या वर नेऊन बसवते. जॉन हर्सी याचा हिरोशिमावरील प्रबंध ३१ ऑगस्ट १९४६ च्या न्यूयॉर्कर साप्ताहिकात संपूर्ण अंक व्यापून प्रसिद्ध झाला. बिकिनीच्या तमाशाला तेव्हा पुरते दोन महिनेच झाले होते. सहा माणसे, त्यांतली एक कारकून, एक विधवा शिवणकाम करणारी, दोन डॉक्टर, दोन धर्मोपदेशक. आणि त्या क्षणी प्रत्येक जण काय करीत होता, एवढीच त्याची मांडणी. हर्सी विशेषणे वापरीत नाही, अश्रू ढाळीत नाही, कोणास दोषही देत नाही. या संयमावर काहींनी कोरडेपणाचा आरोप केला आहे. तो आम्हांस मान्य नाही. ज्या घटनेचे वर्णन आकाशातून रंगांनी माखले गेले होते, तिला जमिनीवर आणावयाचे तर प्रथम रंगच पुसावे लागतात.

याच वर्गातील एक पुस्तक आपल्याकडे फारसे वाचले गेले नाही, त्याची शिफारस आम्ही मुद्दाम करतो. डेव्हिड ब्रॅडले हा तरुण डॉक्टर बिकिनीच्या चाचण्यांच्या वेळी किरणोत्सार मोजणाऱ्या पथकात होता. त्याची दैनंदिनी १९४८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. लपावयास जागा नाही, अशा अर्थाचे तिचे नाव आहे. ब्रॅडले विमानातूनही फिरला, पण त्याच्या हातात दुर्बिणीऐवजी मोजयंत्र होते, आणि म्हणून त्याला ढगाच्या सौंदर्यापेक्षा ढग गेल्यानंतर मागे काय राहिले याची काळजी. धुतली, घासली, खरवडली तरी जहाजे स्वच्छ होईनात, ही त्याच्या पुस्तकाची कथा. या कथेला नायक नाही आणि कळसही नाही. वाङ्मयदृष्ट्या हा दोष म्हणावा, तर विषयाशी तो किती इमानी आहे! रॉबर्ट स्टोन याच्या रेडिओ बिकिनी या माहितीपटाने चाळीस वर्षांनी हेच सूत्र पडद्यावर उचलले. सरकारी चित्रफितींच्या ढिगातून त्याने बेटवासीयांच्या संमतीच्या त्या नाटकाचे वारंवार घेतलेले तुकडेच जसेच्या तसे दाखविले, आणि बेटवासीयांचा म्होरक्या व तेथे काम केलेला एक खलाशी अशा दोघांनाच बोलू दिले. सरकारी कॅमेऱ्याने स्वतःविरुद्ध दिलेली इतकी स्पष्ट साक्ष आम्हांस अन्यत्र आढळली नाही.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे असल्यास १९६१ च्या त्या ५० मेगॅटनांच्या बाँबची रशियन चित्रफीत पाहावी. तिच्यावरील गुप्ततेचा शिक्का उठून ती २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे चाळीस मिनिटांच्या या फितीत बाँबची बांधणी, त्याची वाहतूक, विमान, लखलखाट व ढग हे सारे क्रमाने येते. यंत्रांवरील कॅमेऱ्याचे प्रेम ओसंडून वाहते. नोवाया झेम्ल्यावर पूर्वी नेनेट्स लोकांची वस्ती होती आणि चाचण्यांसाठी त्यांना तेथून हलविले गेले. फितीतली भूमी मात्र जणू सृष्टीच्या आरंभापासून निर्मनुष्य होती. या बाबतीत बिकिनी, मारालिंगा आणि नोवाया झेम्ल्या यांत भेद नाही. जागा ओसाड म्हणून निवडली असे पुस्तक सांगते; ती आधी ओसाड करावी लागली, हे पुस्तक सांगत नाही.

आता तिसरी जागा. वरून टाकणारे आणि खाली सापडणारे यांखेरीज उरलेली सारी मनुष्यजात या कथेत प्रेक्षक आहे, अशी समजूत सर्वत्र असते; आपणही तिच्यातून सुटलेले नाही. बाँब टाकले दुसऱ्यांनी, पडले दुसऱ्यांवर. माहीम-दादरच्या माणसाने वर्तमानपत्र वाचून हळहळावे, यापलीकडे त्याचा संबंध कोणता? या समजुतीस उत्तर द्यावयाचे तर हवेतील स्फोटाचा एक गुण सांगितला पाहिजे. चाचण्यांचे कैवारी म्हणतात की, विमानातून टाकलेला बाँब उंचावर फुटतो, अग्निगोल जमिनीस टेकत नाही, माती उडत नाही, म्हणून जवळपास किरणोत्सारी धूळ कमी पडते. सबब ही चाचणी अधिक स्वच्छ. यातील विधान खरे आहे आणि निष्कर्ष खोटा आहे. जे जवळ पडले नाही ते नाहीसे झाले नाही. मोठ्या स्फोटांतील सूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरात गेले, महिनोन्‌महिने तेथे फिरले आणि पावसाबरोबर पृथ्वीभर उतरले. त्यांतील स्ट्रॉन्शियम-९० हे चुन्याच्या जातीचे द्रव्य. गवतातून गाईत, गाईच्या दुधातून मुलांत आणि मुलांच्या वाढत्या हाडांत ते जाते, आणि त्याचे अर्धे बळ सरावयास सुमारे २९ वर्षे लागतात. घरच्या अंगणाचा केर शेजाऱ्यांच्या दारांत थोडा थोडा वाटून टाकावा आणि अंगण स्वच्छ म्हणून मिरवावे, त्यातलाच हा स्वच्छपणा.

या तिसऱ्या जागेवरून लिहिणारे बहुधा वैद्य व शास्त्रज्ञ होते, आणि त्यांतील एक आपल्या परळचे होते, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालन केले, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना करून ते चालविले, आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत सर्व चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. १९५६ मध्ये भारत सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी सिद्ध केलेला अणुस्फोट व त्यांचे परिणाम या विषयावरील इंग्रजी ग्रंथ नेहरूंच्या प्रस्तावनेसह काढला. आणि संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्साराच्या परिणामांचा विचार करण्यासाठी डिसेंबर १९५५ मध्ये जी पंधरा राष्ट्रांची शास्त्रीय समिती नेमली, तीत भारताच्या वतीने डॉ. खानोलकर बसले. त्या समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये निघाला.

अशा अहवालास वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. आमचे उत्तर होकारार्थी आहे. त्यात एकही अलंकार नाही, कर्मणी प्रयोगांची दाटी आहे, आणि पंधरा राष्ट्रांना रुचावे म्हणून प्रत्येक वाक्याची धार पुष्कळदा बोथट झाली आहे. बाँब टाकणारी राष्ट्रेच समितीत बसलेली असता दुसरे काय होणार? तरीही त्याने प्रेक्षक ही कल्पनाच मोडून काढली. थोडीशी मात्राही निरुपद्रवी मानता येत नाही, आणि स्फोटांनी होणारे दूषण थांबले तर मनुष्याच्या आरोग्याचे हितच होईल, हे त्याचे तात्पर्य. परळच्या प्रयोगशाळेत गालाच्या व तोंडाच्या कर्करोगाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या माणसास अशा ठिकाणी बसविण्यात मोठे औचित्य होते. ढग तीन मैल उंच की तीस, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याचा प्रश्न एका पेशीत काय बदलले, हा. आंद्रे साखारोव्ह यांनीही, जे त्या ५० मेगॅटनी बाँबच्या कर्त्यांपैकी एक होते, १९५८ च्या सुमारास असाच हिशेब मांडला: दर मेगॅटनामागे कालांतराने सुमारे १०,००० माणसांचा बळी. ही माणसे कोण, कोठली, हे कधीही कळणार नाही. अहवालाची रूक्ष भाषा येथे एकाएकी भयंकर होते, कारण ज्याचे नाव घेता येत नाही त्याच्याविषयी प्रामाणिकपणे बोलावयाचे तर आकड्याखेरीज साधन नसते.

येथवर आलेला वाचक विचारील की, मग आपण स्वतः काय केले? हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारताने विमानातून चाचणी कधी केली नाही. १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ या दिवशी राजस्थानात पोखरण येथे झालेले स्फोट भूमिगत होते. या दोन्ही कार्यांत सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर माहीमच्या रुपारेल महाविद्यालयात शिकले. त्यांच्या बुद्धीविषयी व कर्तृत्वाविषयी आम्हांस आदर आहे. देशाच्या संरक्षणासाठी हे स्फोट आवश्यक होते असे मानणारे सुविचारी लोक आमच्या परिचयात आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद एका वाक्याने उडवून देण्याजोगा नाही. आमचे म्हणणे लेखनाविषयी आहे. १९९८ नंतर आपल्या पत्रांतून जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग लॉरेन्सच्या शाळेतला निघाला: डोंगर थरथरला, वाळू उसळली, छाती फुगली. भूमिगत स्फोटाला ढग नसतो. तरी आमच्या लेखकांनी मनाने विमानात बसून वरून पाहण्याची सोय करून घेतली.

त्या प्रवाहाविरुद्ध जे थोडे निर्माण झाले त्यात आनंद पटवर्धन यांचा जंग और अमन हा २००२ चा माहितीपट अग्रगण्य होय. परिनिरीक्षण मंडळाने त्यात पुष्कळ काटछाट सुचविली, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कात्री न लावता दाखविण्यास मुभा दिली. पोखरणजवळची खेडी, जादूगुडाच्या युरेनियम खाणींचा परिसर, जपानमधील स्फोटातून वाचलेले वृद्ध, अशी त्याची यात्रा आहे. तिच्यात दोष आहेत: विरुद्ध पक्षाचे जे प्रतिनिधी निवडले ते बहुधा हास्यास्पद आहेत, आणि विचारी प्रतिपक्षी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आधीच पटलेल्यास तो अधिक पटतो आणि न पटलेला तसाच उठून जातो. परंतु कॅमेरा सर्वत्र माणसाच्या उंचीवर राहतो, हे त्याचे मोठे श्रेय. अमेरिकेत हिरोशिमावरील विमानाचे जे प्रदर्शन व्हावयाचे होते त्याची हकीकतही या चित्रपटात येते. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने विमानाबरोबर जमिनीवरील बळींच्या वस्तूही मांडावयाचे योजिले होते. माजी सैनिकांच्या विरोधामुळे जानेवारी १९९५ मध्ये ती योजना रद्द झाली, आणि पुढे विमान तेवढे मांडण्यात आले. आज ते चकचकीत होऊन व्हर्जिनियातील दालनात उभे आहे. आम्ही या लेखात ज्या वाङ्मयाची परीक्षा केली, त्याचे याहून चपखल चित्र कोणा टीकाकारास रेखाटता आले नसते: विमान आहे, आणि खाली जमीन नाही.

मराठीत या विषयावर पुढे जे लिहिले जाईल, त्याविषयी आमची अपेक्षा मोठी नाही. विज्ञानाची माहिती सांगणारे लेखक आपल्याकडे चांगले आहेत आणि तारखा व मेगॅटन यांची कोष्टके ते अचूक देतील, याची आम्हांस खात्री आहे. त्यांनी एवढे करावे की, प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी खाली कोण होते आणि त्यांना तेथून कोणी, केव्हा हलविले, याचाही एक रकाना घालावा; आणि शेवटी आणखी एक रकाना अशा लोकांचा ठेवावा, की जे कोठेच नव्हते आणि ज्यांच्या मुलांच्या दुधात ते उतरले. त्या शेवटल्या रकान्याची सामग्री परळच्या एका वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वी जमविण्यास आरंभ केला होता. ती इंग्रजी अहवालांत पडून आहे. कोणी तरुण अभ्यासकाने ती मराठीत आणिली, तर त्या पुस्तकाचे परीक्षण करण्यास आम्ही आनंदाने बसू.